शिजियाझुआंगच्या आसपास: झेंगदिंगचा बोधिसत्त्व, झाओझोउचा पूल आणि सोलापूरचे डॉक्टर

गुरुवार : बीजिंगहून दक्षिणेला

बीजिंग पश्चिम स्टेशनातून सुटणारी वेगवान गाडी तासा-सव्वा तासात शिजियाझुआंगला पोचवते. अंतर साधारण २८० किलोमीटर. बीजिंग बघून शीआनला किंवा शांघायला जाणारे प्रवासी हे स्टेशन खिडकीतूनच बघतात. हपै प्रांताची ही राजधानी आहे, लोकसंख्या कोटीच्या वर आहे, तरी पर्यटकांच्या यादीत तिचं नाव क्वचितच असतं.

शहर खरोखरच जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एक खेडं होतं. बीजिंगहून हान्कोउला जाणारा लोहमार्ग इथून गेला आणि पाठोपाठ पश्चिमेकडे तैयुआनला जाणारा फाटा १९०७ मध्ये पुरा झाला. हा फाटा आधी झेंगदिंग या जुन्या नगरातून निघायचा होता. पण मध्ये हुतुओ नदी आडवी येत होती. तिच्यावरच्या पुलाचा खर्च वाचवण्यासाठी फाट्याची सुरुवात नदीच्या दक्षिणेला, या खेड्यात आणली गेली. जंक्शनभोवती शहर फुगत गेलं, आणि नदीपलीकडचं झेंगदिंग आपल्या विहारांसकट जुनंच राहिलं. आमच्या सहलीचं निम्मं श्रेय त्या न बांधलेल्या पुलाला जातं.

आम्ही तिघं होतो. दादा, वहिनी आणि मी. दादा पुलांची कामं करणारा सिव्हिल इंजिनिअर, त्याला झाओझोउचा पूल बघायचा होता. वहिनीला जुन्या मूर्तींचं वेड. आणि मी सोलापूरची, त्यामुळे मला चीनमध्ये जखमींवर उपचार करता करता गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या समाधीवर जायचं होतं. एप्रिलचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला, कारण याच वेळी छिंगमिंग येतो, म्हणजे चिनी लोकांचा पूर्वजांच्या कबरी झाडून-पुसून फुलं वाहण्याचा दिवस.

स्टेशनबाहेर पडलो तर कोरडा, बोचरा वारा आणि हवेत पिवळसर धूळ. दुपारी वीसच्या पुढे जाणारा पारा सकाळी सात-आठ अंशांवर असतो. स्वेटर, मास्क आणि ओठांना लावायचं मलम हाताशी ठेवाच.

रात्री हॉटेलजवळच्या गल्लीत गांगलू शाओबिंग खाल्लं. मोठ्या रांजणासारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला चौकोनी रोटी थापतात, वरून भरपूर तीळ. बाहेरून खुसखुशीत आणि आत पापुद्रेच पापुद्रे. बनवणाऱ्या काकू ओला हात थेट भट्टीत घालून रोटी चिकटवत होत्या. दादाने मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, "हात भाजत नाही?" त्यांनी मनगटावरचे जुने डाग दाखवले आणि हसून आणखी एक रोटी आमच्या हातात ठेवली. तिचे पैसे घेतले नाहीत.

शाकाहारी लोकांसाठी: "वो ची सू" एवढं पाठ करून ठेवा, म्हणजे मी शाकाहारी आहे. तरीही भाजीत मांसाचा खिमा नाही ना, हे दर वेळी विचारा. हपैमध्ये गाढवाच्या मांसाचं सँडविच फार लोकप्रिय आहे आणि त्याच्या पाट्या चौकाचौकात आहेत. वहिनीची गाडी टोफू, टोमॅटो-अंडं, बटाट्याचा कीस आणि शाओबिंग यांवर छान चालली.

शुक्रवार : झेंगदिंग

शहरातून नदी ओलांडून उत्तरेला पंधरा किलोमीटरवर झेंगदिंग आहे. आम्ही सुट्टीच्या आदल्या दिवशी गेलो ते बरं झालं. सलग सुट्ट्यांत इथे पाय ठेवायला जागा नसते असं टॅक्सीवाल्याने सांगितलं, आणि शनिवारी परतताना दिसलेल्या गाड्यांच्या रांगेवरून ते पटलं.

सकाळी दार उघडताच लोंगशिंग विहारात शिरलो. याची स्थापना इसवी सन ५८६ मधली, स्वै राजवटीतली. त्या वर्षीचा शिलालेख अजून आवारात उभा आहे आणि चिनी सुलेखन शिकणारे त्याच्यासमोर वही उघडून बसतात. आत शिरल्यावर आधी एक मोकळा चौथरा लागतो. तिथलं मोठं सभागृह शंभरेक वर्षांपूर्वी कोसळलं, आता नुसती जोती उरली आहेत. त्याच्या पलीकडे मोनी सभागृह.

या इमारतीसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. चारही बाजूंना पुढे आलेली चार देवड्यांसारखी दालनं, छपरांवर छपरं, आणि सगळ्यांचे कोपरे वर उचललेले. १९३३ मध्ये वास्तुइतिहासकार लियांग सचंग झेंगदिंगला आले, तेव्हा त्यांनी खांबांवरच्या लाकडी कंसांची जाडी आणि जोडणी बघून ही सोंग काळातली इमारत आहे असा निष्कर्ष काढला. लेखी पुरावा नव्हता. १९७७ नंतर दुरुस्तीसाठी लाकडं उतरवली तेव्हा आतल्या भागांवर शाईने लिहिलेली नोंद सापडली. साल १०५२. लाकूड वाचता येणारा माणूस चव्वेचाळीस वर्षं आधी बरोबर बोलला होता. हे ऐकल्यापासून दादा प्रत्येक कंस मान वर करून मोजत होता.

मुख्य मूर्तींच्या मागे वळसा घालून गेलं की उत्तरेकडे तोंड केलेली ग्वानयिन दिसते, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. रंगीत मातीच्या डोंगरकपारींमध्ये ती बसली आहे. एक पाय खाली कमळावर सोडलेला, दुसरा त्याच्यावर आडवा, हात गुडघ्यापाशी सैल टाकलेले, मान किंचित कलती. सध्याचं रूप मिंग काळातलं, सोळाव्या शतकातलं. लेखक लू शून यांनी हिचं छायाचित्र आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेवलं होतं. देवतेला इतकं निवांत बसलेलं मी कुठेच पाहिलं नव्हतं. वहिनी तिच्यासमोरून हलेना. "हिला नमस्कार करावासा वाटत नाही गं, हिच्याशेजारी बसावंसं वाटतं," एवढंच म्हणाली.

सगळ्यात मागे दाबेई मंडप आणि त्यात झेंगदिंगचा प्रसिद्ध बोधिसत्त्व. सहस्रभुज ग्वानयिनची ही ब्राँझची मूर्ती सुमारे २१ मीटर उंच आहे. सोंग सम्राट ताईझू याच्या आज्ञेने ९७१ मध्ये काम सुरू झालं. एका दमात एवढी मूर्ती ओतणं शक्यच नव्हतं, म्हणून खालपासून वरपर्यंत सात टप्प्यांत ओतत नेली. बेचाळीस हातांपैकी समोर जोडलेले दोन मूळ ब्राँझचे आहेत. बाजूचे चाळीस हात पुढे केव्हातरी गेले आणि त्यांच्या जागी लाकडी बसवले. मंडपही विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. जिन्याने वर चढत मूर्तीच्या छातीपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत जाता येतं. खालून कठोर वाटणारा चेहरा वरच्या सज्ज्यातून फार मऊ दिसतो. लाकडी हातांचे सांधे इथून स्पष्ट दिसतात. मला ते खटकले नाहीत. हजार वर्षांत किती पिढ्यांनी हिला पडू दिलं नाही, ते त्या सांध्यांतूनच कळतं.

कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. वहिनीने मोबाईलमधला त्याचा फोटो तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेला दाखवला. त्या स्वयंसेवक म्हणून माहिती सांगत होत्या. त्यांनी फोटो मोठा करकरून पाहिला, स्वतःच्या फोनमध्ये मागून घेतला आणि इकडची एक लोकप्रिय उक्ती आम्हाला म्हणून दाखवली: त्सांगझोउचा सिंह, यिंगझोउचा पॅगोडा, झेंगदिंगचा बोधिसत्त्व, झाओझोउचा पूल. उत्तर चीनची ही चार रत्नं. "दोन तुमची होतील, दोन राहतील," त्या म्हणाल्या.

दाबेई मंडपासमोरच्या एका दालनात सात मीटर व्यासाचा फिरता ग्रंथमनोरा आहे, अष्टकोनी, एका मधल्या खांबावर तोललेला. पोथ्या त्यात ठेवून तो फिरवायचा, म्हणजे पारायणाचं पुण्य मिळतं. आता फिरवू देत नाहीत. पण खालचा आस वाकून बघता येतो, आणि वरचं छप्पर पेलण्यासाठी वाकवलेली तुळई तर चुकवूच नका.

दुपारनंतर पायी चार पॅगोडे. सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि चौघांचं रूप वेगळं. ग्वांगहुई विहाराचा पॅगोडा वरच्या भागात शंकूसारखा होतो आणि त्यावर हत्ती, सिंह, बुद्धमूर्ती यांची गर्दी आहे. लिनजी विहारातला विटांचा पॅगोडा नवव्या शतकातल्या लिनजी यीश्वान यांच्या अस्थींवर उभा आहे. झेन पंथाची जपानमधली रिन्झाई शाखा त्यांचीच, म्हणून जपानी भाविक इथे येत असतात. काइयुआन विहारात तांग काळातला घंटामनोरा आणि एक प्रचंड दगडी कासव आहे. हे कासव २००० साली जमिनीखाली सापडलं. शिलालेख पाठीवर पेलणारं हे कासव आठ मीटरहून लांब आणि शंभर टनांहून जड. त्याच्या नखांवरून हात फिरवावासा वाटला, पण कठडा आहे.

संध्याकाळी दक्षिण वेशीवर चढलो. तटबंदीचा बराच भाग नव्याने बांधलेला आहे, विटा नव्या दिसतात. पण वरून चारही पॅगोडे एका नजरेत येतात, म्हणून चढाच. तीन राज्यांच्या काळातला वीर झाओ युन या भागातला, त्यामुळे भाला घेतलेला झाओ युन दुकानांवर, खेळण्यांवर, आईस्क्रीमवरसुद्धा आहे. टीव्ही मालिकेसाठी १९८०च्या दशकात बांधलेला एक भव्य वाडाही इथे आहे. वेळ थोडा असेल तर तो वगळा आणि लोंगशिंगला अर्धा दिवस द्या.

शनिवार : झाओ काउंटी

शहराच्या आग्नेयेला चाळीसेक किलोमीटर. झाओझोउ हे याच भागाचं जुनं नाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाशपातीच्या बागा, आणि आम्ही नेमके बहरात पोचलो. इथली "हिमपुष्प" नाशपाती देशभर जाते. पांढरी फुलं, मधून काळ्या फांद्या, आणि शिड्यांवर चढून पिसाच्या झाडण्यांनी हाताने परागीभवन करणारे शेतकरी. एका बाईने आमची गाडी थांबलेली पाहून खडीसाखर घालून वाफवलेली नाशपाती आणून दिली. या धुळीत खोकल्यावर इथे घरोघरी हाच उपाय करतात. आम्ही तिघंही दोन दिवस खोकत होतो. वाटीतलं पाणीसुद्धा पिऊन टाकलं.

झाओझोउचा पूल आता एका उद्यानात आहे. वाहनं बंद, माणसं चालत जातात. श्याओ नदीवर हा पूल ली चुन या कारागिराने इसवी सन ५९५ ते ६०५ या काळात बांधला. एकच कमान, ३७ मीटर लांबीची, आणि उंची अवघी सव्वासात मीटर. पुढचं दादाच्या तोंडून ऐकलेलं लिहिते.

अर्धवर्तुळाची कमान घेतली असती तर पूल घराएवढा उंच झाला असता आणि बैलगाडीला चढ झेपला नसता. म्हणून ली चुनने वर्तुळाचा छोटा तुकडा घेतला, चपटी कमान. पण चपटी कमान टोकांना जोराने बाहेर ढकलते, तेव्हा वजन कमी करणं भाग होतं. त्याने दोन्ही टोकांच्या भरावात दोन-दोन लहान कमानी पोकळ ठेवल्या. वजन घटलं, आणि पूर आला की पाण्याला जायला चार जादा वाटा मिळाल्या. मुख्य कमानसुद्धा अखंड नाही, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या २८ कमानी आहेत. एक बांधून झाली की लाकडी आधार सरकवून पुढची. एखादी बिघडली तर तेवढीच दुरुस्त होते. त्या एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून दगडादगडांत लोखंडी सांधे बसवले आहेत.

"खाली चल, वरून काही दिसत नाही," असं म्हणत दादा मला काठावर घेऊन गेला. खालून बघितल्यावर दगडांच्या त्या २८ ओळी वेगवेगळ्या दिसतात, पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणून धरल्यासारख्या. काही ओळींचा दगड जुना, झिजलेला, काहींचा ठळकपणे नवा. शतकांच्या ओघात काही कमानी पडल्या, पुन्हा बसवल्या गेल्या, आणि १९५०च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली. त्या वेळी नदीच्या गाळातून कोरीव कठड्यांचे मूळ दगड निघाले. ते आता संग्रहालयांत आहेत, पुलावर दिसतात त्या प्रतिकृती. १९९१ मध्ये अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने या पुलाला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून गौरवलं, त्याची शिळा आवारात आहे. दादाने तिच्यासोबत फोटो काढून घेतला. एरवी तो फोटोला उभा राहत नाही.

काठावर पतंग उडवणाऱ्या एका आजोबांनी पुलावरच्या खुणा दाखवल्या. लोककथा अशी की पूल देवकारागीर लू बानने बांधला आणि झांग ग्वोलाओ हा सिद्धपुरुष त्याची परीक्षा घ्यायला गाढवावर बसून आला, झोळीत सूर्य आणि चंद्र घेऊन. पूल हलू लागला तेव्हा लू बानने खाली उतरून हाताने तोलून धरला. गाढवाचे खूर वर, हाताचा ठसा खाली. आजोबांनी आम्हाला एकेक खूण बोट लावून मोजायला लावली आणि मगच सोडलं.

पुलाहून गावाकडे येताना मुख्य चौकात, रहदारीच्या मधोमध, धारणी, म्हणजे बौद्ध मंत्र, कोरलेला अष्टकोनी दगडी स्तंभ आहे. १०३८ सालचा, सुमारे १६ मीटर उंच. बसमधून जाणारे बघतही नाहीत. तुम्ही मात्र उतरा.

तिथून जवळच बाइलिन विहार. तांग काळातले आचार्य झाओझोउ त्सोंगशेन इथे राहिले, ते १२० वर्षं जगले अशी परंपरा आहे. कोणीही येवो, ते म्हणत, "जा, चहा पी." तेवढ्यावर चीन-जपानमधले साधक आजही विचार करत बसतात. आमच्यासाठी आणखी एक धागा होता. ह्वेनसांग भारतात येण्याआधी झाओझोउला शिकायला राहिला होता, आणि विहाराची परंपरा त्याची जागा म्हणून याच विहाराकडे बोट दाखवते. पुढे तो महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्याचं आणि इथल्या माणसांच्या स्वाभिमानाचं वर्णन लिहून गेला. मराठी माणसांविषयी इतकं जुनं लिहिणाऱ्या परदेशी माणसाच्या अभ्यासाच्या गावी आपण उभे आहोत, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

१९८८ मध्ये आचार्य जिंगहुई यांनी विहार पुन्हा उभारायला घेतला तेव्हा इथे १३३०चा पॅगोडा आणि काही जुने सायप्रस वृक्ष एवढंच शिल्लक होतं. बाकी सगळं नवं आहे, पण विहार जिवंत आहे. दुपारी भोजनगृहात आम्हाला बसवलं. भात, कोबी, टोफू, मशरूम, वाफवलेला पाव. बोलायचं नाही, आणि वाटीत एक शीतही उरवायचं नाही. वहिनीने या सहलीत पहिल्यांदाच काही न विचारता पोटभर जेवून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी: पूल, स्तंभ आणि विहार एका दिवसात आरामात होतात. दिवसभराची गाडी ठरवा, परतीला टॅक्सी सहज मिळत नाही. पासपोर्ट सतत जवळ हवा, रेल्वेलाही आणि तिकीटखिडकीवरही. अलीपे या पैसे देण्याच्या ॲपवर भारतातूनच कार्ड जोडून घ्या, रोख कोणी मागत नाही. गूगल नकाशा तिथे चालत नाही. लहान हॉटेलं कधी कधी परदेशी पाहुणे घेत नाहीत. आमचंही एक आरक्षण असंच रद्द झालं, तेव्हा आधी विचारून घ्या. भारतीयांना पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा मिळतो आहे.

रविवार : छिंगमिंग

उत्तर चीन लष्करी हुतात्मा स्मशानभूमी शहराच्या मधोमध, झोंगशान रस्त्यावर आहे. सकाळी आठलाच दारात फुलवाल्या होत्या. आम्ही पांढऱ्या आणि पिवळ्या शेवंतीचे गुच्छ घेतले. लाल गळपट्ट्यातली शाळेची मुलं रांगेने आत जात होती.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने डॉक्टरांची मदत मागितली, आणि १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून जहाजाने पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. चोळकर नागपूरचे. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, तिथल्या परिचारिका-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय बत्तीस. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

समाधीपाशी ताज्या फुलांचा ढीग होता. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही समाधी याच आवारात आहे. इकडे आलेल्या प्रत्येकाला दोघांची नावं माहीत होती. कोटणीस इथे "क दिहुआ". संग्रहालयात शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत, छायाचित्रं आहेत, आणि प्रवासात चिनी शब्द टिपून ठेवलेली त्यांची वही. मी त्या वहीसमोर जास्तीत जास्त वेळ काढला. सत्तावीस वर्षांचा सोलापूरचा मुलगा, जहाजावर बसून परक्या भाषेचे शब्द लिहून काढतो आहे. जिथे जायचं आहे तिथल्या जखमी माणसाला कुठे दुखतंय हे विचारता आलं पाहिजे, म्हणून.

बाहेर एक सत्तरीच्या बाई फुलं ठेवत होत्या. आम्ही भारतातले, त्यातही मी कोटणीसांच्याच गावची, हे कळल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्या परिचारिका होत्या, निवृत्त झालेल्या. दर छिंगमिंगला आधी आईवडिलांच्या कबरीवर जातात आणि मग इथे येतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी मला विचारलं, डॉक्टरांच्या गावी आता त्यांची आठवण आहे का? मी सांगितलं की सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे. त्यांनी ते बघायला मागितलं, पण माझ्याकडे फोटो नव्हता, म्हणून दादाने तिथूनच सोलापूरच्या चुलतभावाला फोन लावला. तिकडे पहाटेचे सहा वाजले होते. तासाभरात त्याने स्कूटरवर जाऊन दारापासून फोटो काढून पाठवले. बाई तोवर थांबल्या होत्या. सगळे फोटो स्वतःच्या फोनवर घेतले आणि मुलीला तिथल्या तिथे पाठवून दिले.

संग्रहालय सुट्टीच्या दिवशी उघडं असलं तरी गर्दीमुळे रांग लागते, म्हणून सकाळीच जा. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी बाओदिंगजवळच्या तांग काउंटीत जावं. कोटणीसांचे अखेरचे दिवस तिथल्याच गगोंग गावात गेले, आणि काउंटीत बेथून व कोटणीस यांचं संयुक्त स्मारक संग्रहालय आहे. आमची गाडी दुपारची होती, त्यामुळे ते राहिलं. आणि निघण्याआधी सोलापूरच्या स्मारकाचे चार चांगले फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा. तिकडे मागतात.